फी माफ झाली म्हणजे तोंडाले कुलूप लावाचं काय?

गजू वऱ्हाडी
काल इथं एका सेवानिवृत्त प्राचार्यांनी लिहिलं की मुलींची फी सरकारनं माफ केली, आता मोर्चे कशाला? कॉलेजात निवडणुका नकोत, विद्यापीठाची अधिसभाही (सिनेट) गुंडाळा, कुलगुरूंना काम करू द्या.

सर, 8 जुलै 2024 चा जीआर वाचला का? माफ झालं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. तेही व्यावसायिक कोर्सला, कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश असला तर, उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तर. मेस, होस्टेल, डेव्हलपमेंट फी कोणाच्या बापानं माफ केली? माझी पुतणी फार्मसीला आहे. कॉलेजनं भावाकडून लिहून घेतलं, 'शिष्यवृत्ती न आल्यास रक्कम पालक भरतील.' भाऊ चष्मा घरी विसरला होता, तरी सही करून आला. हे विचारायचं कोणी? अधिसभेत पदवीधरांचे 10 जण निवडून जातात. त्या मतदार नोंदणीचा फॉर्म कधी निघतो, हे आमच्या गावात एकालाही माहीत नाही.

सेवानिवृत्त
'कोणाच्या बापानं' ही भाषा असेल तर चर्चा कठीण आहे. निवडणुका मी पाहिल्या आहेत, तुम्ही ऐकल्या असतील. नवीन नोकरीत असताना डोकं फुटलेल्या एका पोराला मी सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शर्टावरचे डाग निघाले नाहीत. यंदाही आमच्या जुन्या कॉलेजच्या गेटवर दोन संघटना भिडल्या आणि पेपर दोन दिवस पुढे गेला. नुकसान कोणाचं? खेड्यातून आलेल्या पोरांचंच.

गजू वऱ्हाडी
1989 ला मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं आमच्या तालुक्यातल्या कॉलेजच्याही निवडणुका गेल्या. 2016 च्या कायद्यानं परत आणल्या, त्या कागदावर. 2019 ला तारखा लागल्या, तर विधानसभा आली म्हणून ढकलल्या. ग्रामपंचायतीतही डोकी फुटतात सर. ग्रामपंचायत बंद केली का?

तासिकावाला
फीवर भांडा, निवडणुकीवर भांडा. शिकवते कोण, हे कोणी विचारत नाही. नेट, पीएचडी करून मी तासांवर शिकवतो, आणि मानधन येईस्तोवर किराणावाल्याच्या वहीत राहतो. चालू द्या तुमचं.

पोराचा बाप
पोरीचं माफ झालं, चांगलं झालं. माह्या पोरानं काय पाप केलं बापा? ओबीसी हाये, त्याले 50 टक्केच माफी. सोयाबीनचा हमीभाव 4892 होता, म्या 4000 च्या आत इकलं. एकाच घरात पोट्टीले माफी अन् पोट्ट्याले पावती.

शेवटची गाडी
मी मुलगी आहे, बोलू का? माझं प्रॅक्टिकल पाचला सुटते. गावची शेवटची गाडी सव्वापाचला, स्टँड दोन किलोमीटर. आठवड्यातून दोनदा मी जर्नलवर सही न घेताच पळते. सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस बारावीपर्यंतच्या पोरींसाठी. पदवीला गेलं की आपण मोठे झालो.

सेवानिवृत्त
महिलांना 2023 पासून एसटीत अर्ध्या तिकिटाची सोय झाली आहे, विद्यार्थ्यांना पास आहे.

गजू वऱ्हाडी
गाडीच नाही तर अर्धं तिकीट काय फ्रेम करून लावाचं?

पोराचा बाप
आमच्या इकडे गाडी येते, पण फाट्यावर थांबत नाही. कंडक्टर हात हालवून दाखवते. मागच्या पावसात माही पोरगी अन् अजून तिघी चालत आल्या, आठ किलोमीटर. बायको कंदील घेऊन पुलापर्यंत गेली होती. तवापासून थे म्हणते, पोरीचं शिक्षण पुरे.

तासिकावाला
होस्टेलला का ठेवत नाही?

पोराचा बाप
पैसे तू देतो काय बे?

तासिकावाला
साधं विचारलं. मला 'बे' म्हणायचं काम नाही.

सेवानिवृत्त
कंदिलाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. बसच्या वेळेचा मुद्दा मान्य. पण त्याला निवडणूक लागत नाही. एक अर्ज पुरे.

शेवटची गाडी
सर, तीन अर्ज दिले. पोच आहे. डेपो म्हणतो कॉलेजचं पत्र आणा. कॉलेज म्हणते एकेकटे येऊ नका, विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत या. प्रतिनिधी कोण, विचारलं तर क्लार्क हसला.

सेवानिवृत्त
पोचेचा फोटो मला पाठवा. डेपोत ओळख आहे, सोमवारी जाऊन बसतो. निवडणुकीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

गजू वऱ्हाडी
म्हणजे ओळख असली की गाडी थांबते. हेच तर सकाळपासून सांगून रायलो. जा पण सर, नक्की जा.

पोराचा बाप
अन् माह्या 50 टक्क्याचं?