हॅलोविन २०२०: बेल वाजू द्यायची की नाही?

एडिसनकर: कालच्या धाग्यावर फतवा निघालाय, 'यंदा कोरोना आहे, अमेरिकेत हॅलोविन बंद ठेवा, आदल्या रात्री कोजागिरी करा, ती सुरक्षित.' अहो, शुक्रवारी ३० ऑक्टोबरला एका पातेल्याभोवती वीस जण मास्क काढून दूध पिणार, गारठा वाढला की गॅरेजमध्ये शिरणार. शनिवारी हॅलोविनला सोंग घेतलेलं पोर चॉकलेट मागायला दाराशी अर्धा मिनिट उभं राहणार. धोका कशात जास्त? सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने, जास्त धोक्याचं म्हटलंय ते दारोदारच्या जुन्या पद्धतीला. चॉकलेटच्या बांधलेल्या पुड्या बाहेर मांडल्या तर धोका मध्यम. ड्राइव्हवेच्या टोकाला टेबल, पुड्यांत वीतभर अंतर, आपण सहा फूट मागे खुर्चीत. परडी मात्र नको, आवडीचं चॉकलेट सापडेपर्यंत पोरं तळ ढवळतात.

सुगरणकाकू: फतवा माझाच, नाव घेऊन बोला की. पोरांचं सोडा, फुटपाथवर कोंडाळं करून कॉफी पिणाऱ्या पालकांचं काय? आणि मुखवटे? रबरी ड्रॅक्युलाच्या नाकाला भोकं, त्याने काय अडणार? खाली कापडी मास्क घातला तर पोराचा श्वास कोंडतो.

एडिसनकर: मग मुखवटा घरीच ठेवा. निन्जा, सर्जन, दरोडेखोर, मास्क शोभेल असंच सोंग घ्या. मांजर हवी तर कापडावर मिशा आदल्या दिवशी रंगवून वाळवा, नाहीतर रात्रभर मार्करचा वास नाकात. ओला झाला की बदलायला खिशात दुसरा. दोन वर्षांखालच्यांना मास्क नाही, त्यांना फिरवूही नका.

मोजपट्टी: टेबल कशाला? ४ इंची पीव्हीसी पाइप घ्या, १० फुटी नळीतून ६ फूट कापा, कड घासा, पायऱ्यांच्या कठड्याला झिप टायने तीन ठिकाणी आवळा. वरून चॉकलेट सोडा, खाली पोराची बादली.

टोपीवाला: ड्रेनेजची वळ्यांची नळी स्वस्त पडते.

मोजपट्टी: पडते, आणि अडकते. रॅपरची कातरलेली टोकं वळ्यांत रुततात, मागचं पुढच्यावर साचतं. मग काठी घालत बसा.

टोपीवाला: कठडा सगळ्यांकडे असतो का? सपाट अंगणवाल्यांनी काय करायचं?

मोजपट्टी: वरचं टोक खालच्यापेक्षा ३ फूट उंच ठेवा, ६ फुटाला ३० अंश उतार मिळतो. त्याहून बराच कमी केलात की हलकी गोळी मधेच बसते. वळण हवंच तर ४५ अंशाचे दोन एल्बो (वळणाचे जोड), ९० चा एक नको.

टोपीवाला: म्हणजे खालचं टोक अडीच फुटांवर, वरचं साडेपाचवर, आणि अंधारात शिडी! पोरं धडकून ती पाडतील. इंजिनिअरिंग पुस्तकात ठेवा.

मोजपट्टी: शिडी मी म्हटली? दोन बांबू रोवा.

टोपीवाला: बरं, बांबू. पण खालच्या टोकाला तोंड लावून ओरडणारं पहिलं पोर तुमच्याकडेच पाठवीन.

मोजपट्टी: …तो मुद्दा आहे. टोक जमिनीकडे वळवा, पाठवणाऱ्याने मास्क घाला आणि वरच्या तोंडासमोर चेहरा धरू नका.

एडिसनकर: धागा नळकामाचा झाला. टेबलावर सॅनिटायझर ठेवणाऱ्यांनो, ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल म्हणजे जळणारा पदार्थ. शेजारच्या कोरलेल्या हॅलोविन-भोपळ्यात मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा लावा.

सुगरणकाकू: हे एक बरं सांगितलंत. चॉकलेटं पुसत बसायची का?

एडिसनकर: नको. जंतुनाशकाचा ओला रुमाल खाण्याच्या वस्तूला लावूच नका. घरी आल्यावर २० सेकंद हात धुवा, मग खा. वाटेत एकही नाही, कारण खायचं तर मास्क उतरतो.

सुगरणकाकू: बरं बाई, लावते पाइप. कोजागिरीचं दूधही त्यातूनच सोडू का?

मोजपट्टी: दुधाला ४ इंची कशाला? १ इंची पुरे.