क्रॉस स्टिचसाठी दोऱ्याच्या किती लड्या घ्याव्यात?

सुईदोरा
भाचीच्या रुखवतात मांडण्यासाठी मोराचे क्रॉस स्टिचचे चित्र करायला घेतले आहे. कापड १४ काउंटचे आयडा (इंचाला १४ घरे असलेले चौकटीच्या विणीचे कापड) आहे आणि ग्राफ १४० × १६८ घरांचा आहे, म्हणजे भरलेले चित्र १० × १२ इंचांचे होईल. पार्श्वभूमीही गडद निळ्या रंगाने पूर्ण भरायची आहे. ग्राफवर मोजले तेव्हा एकट्या निळ्याच्याच १२,६०० फुल्या (एका घरातल्या दोन तिरप्या टाक्यांची एक फुली) निघाल्या. मागच्या वेळी तोरण करताना शेवटच्या दोन पानांपुरता हिरवा दोरा कमी पडला. त्याच क्रमांकाची नवी लडी आणली, तरी ती दोन पाने आजही दारातूनच वेगळी ओळखू येतात. या वेळी निळ्या रंगाच्या लड्या आधीच पुरेशा आणायच्या आहेत, पण नेमक्या किती? मी दोन पदरांनी भरते.

उभाआडवा
अँकर आणि डीएमसी या दोन्ही दोरा-कंपन्यांच्या नेहमीच्या लडीत ८ मीटर सहापदरी दोरा असतो. दोन-दोन पदर वेगळे केले की तुमच्या कामासाठी एका लडीतून २४ मीटर दोरा मिळतो.

आता एका फुलीला किती दोरा लागतो ते पाहू. १४ काउंटच्या कापडावर एका घराची बाजू साधारण १.८ मिलिमीटर असते. समोरच्या दोन तिरप्या टाक्यांना बाजूच्या २.८३ पट दोरा लागतो, तर मागच्या बाजूला किती जातो हे तुमच्या भरण्याच्या पद्धतीवर ठरते. आधी ओळभर अर्धे टाके घालून परतताना फुल्या पूर्ण केल्या, तर मागे फक्त उभे टाके पडतात आणि एका फुलीला एकूण ८.८ मिलिमीटर दोरा लागतो. एकेक फुली पूर्ण करत आडवे पुढे गेलात, तर दर फुलीमागे पाठीमागून एक तिरपा टाका जातो आणि हाच आकडा ९.५ वर पोहोचतो. तुमच्या १२,६०० फुल्यांमध्ये हा फरक नऊ मीटरहून जास्त भरतो, म्हणून पार्श्वभूमी तरी ओळीने जाऊन परत येण्याच्या पद्धतीनेच भरावी, असे मला वाटते. पाठही त्यामुळे नीटनेटकी दिसते.

या हिशेबाने एका लडीत २,७०० फुल्या बसायला हव्यात, पण त्यात टोके खोचायला जाणारा दोरा धरलेला नाही.

मॅटीवाली आजी
वरचा हिशेब बरोबर आहे, मात्र शेवटी ज्याचा त्याचा हात वेगळा असतो; कोणी टाका घट्ट ओढते, कोणी सैल सोडते. म्हणून मी नेहमी उरलेल्या कापडाच्या तुकड्यावर एक सुई भरून पाहते. दोरा ४५ सेंटिमीटर लांब कापावा, रोजच्यासारखे भरावे, टोक खोचण्यापुरता दोरा उरला की थांबावे आणि फुल्या मोजाव्यात. एका लडीतून असे दुपदरी ५१ तुकडे निघतात, त्यामुळे जो आकडा येईल त्याला ५१ ने गुणले की तुमच्या हाताचे खरे उत्तर मिळते. माझ्या ३८ फुल्या होतात, म्हणजे लडीला १,९०० च्या आसपास.

हा आकडा पार्श्वभूमीसारख्या सलग भागालाच लावावा. मोराच्या पिसाऱ्यात रंग एकेका घरापुरते विखुरलेले असतील, तर तिथे तो मुळीच चालणार नाही. एकट्या फुलीसाठी दोन्ही टोके अडीच-तीन सेंटिमीटर खोचावी लागतात, म्हणजे एका फुलीत सात-आठ फुल्यांचा दोरा जातो. अशा रंगांची प्रत्येकी एक लडी बहुधा पुरते, पण फुल्या हजाराच्या घरात असतील तर दोन घ्याव्यात.

तुमच्या तोरणाच्या पानांचे कारण रंगाचा घाणा हे असावे. क्रमांक तोच असला तरी वेगळ्या वेळी रंगवलेल्या दोऱ्याच्या छटेत थोडा फरक पडू शकतो. निळ्या लड्या एकाच वेळी, एकाच खोक्यातून, दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी धरून निवडाव्यात. आणि एक विचारते, राग मानू नका: गडद निळे आयडा कापडच का घेत नाही? १२,६०० फुल्या वाचतील.

सुईदोरा
राग कसला, आजी! निळे कापड शोधले होते, पण गडद कापडावर रात्री मला भोके दिसत नाहीत आणि मी भरायला बसते ती रात्रीच.

आज तुकड्यावर भरून पाहिले. माझा हात सैल निघाला. ४५ सेंटिमीटरमध्ये ३५ च फुल्या झाल्या. म्हणजे लडीला १,७८५, आणि १२,६०० ला सात लड्या जेमतेम शंभरएक फुल्यांनी कमी पडतात. तोरणाच्या वेळी नेमके हेच झाले असणार. उद्या आठ लड्या एकदमच आणते, आणि उसवायची वेळ येणार हे गृहीत धरून वर एक.