हिरवी स्मूदी बाटलीत कडू का होते? मदत हवी आहे

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सकाळच्या घाईत धड नाश्ता होत नाही म्हणून घरी हिरवी स्मूदी करायला लागलो आहे. मूठभर पालक, एक पिकलेलं केळं, वाटीभर अननसाचे तुकडे, अर्धी वाटी घरचं दही, आल्याचा छोटा तुकडा आणि लागेल तसं पाणी. सगळं एकदम मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घालून फिरवतो. मिक्सर साधाच, ७५० वॅटचा. दोन ग्लास होतात. एक लगेच पितो, दुसरा बाटलीत भरून ऑफिसला नेतो.

प्रश्न बाटलीचा आहे. अकरा वाजता झाकण उघडलं की चव कडू, अगदी घशाशी राहणारी. वर दोन बोटं फेस, खाली पाणी सुटलेलं आणि रंग शेवाळासारखा. शिवाय पालकाचे बारीक तुकडे दातात अडकतात ते वेगळंच. महागडा ब्लेंडर घ्यायची तयारी नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला नको.

हे जमलं तर आई-बाबांनाही सुरू करावी म्हणतो. दोघंही सत्तरीच्या आसपास आहेत.

कढीपत्ता

पालक जून असेल. मोठ्या पानांचा, जाड देठांचा पालक भाजीला खपून जातो, कच्चा नाही खपत. जुडी घेताना कोवळी, तळहाताएवढी पानं बघून घ्या आणि देठ काढून टाका. ते डाळीत घालता येतात.

संत्राबर्फी

संत्रं घालता का त्यात? आम्ही नागपूरकडचे, त्यामुळे हा अनुभव घरोघरी. संत्र्याचा रस ताजा असतो तेव्हा गोड लागतो आणि ठेवला की कडवट होतो. बी किंवा पांढरी साल मिक्सरमध्ये गेली तर जास्तच. संत्रं घालायचंच असेल तर बिया काढून, हाताने पिळून, आयत्या वेळी घाला.

गोदाकाठ

संत्रं नाही घालत. पालकही कोवळाच असतो, बाजारातून सकाळचा आणलेला. आणि दोष पालकाचा असता तर पहिला ग्लासही कडू लागला असता ना? तो चांगला गोड लागतो.

उकड_शेंगोळी

मी काय म्हणतो, पालकाची पातळ भाजी करा. शेंगदाणे, चणाडाळ, ताक, वरून लसणीची फोडणी. सोबत भाकरी. फेस नाही, बाटली नाही, कडूपणा नाही. आमच्या पिढ्या न पिढ्या त्यावरच वाढल्या.

कढीपत्ता

@उकड_शेंगोळी, पातळ भाजीबद्दल दुमत नाहीच. पण सकाळी साडेसातला लोकलच्या दारात उभं राहून ती खाता येत नाही. धागा मदतीचा आहे हो.

प्रयोगवही

दोषी अननस आहे. नुसता अननसही नाही, अननस आणि दही एकत्र.

ताज्या, न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. त्याचं काम प्रथिनं तोडणं. दुधा-दह्यातलं केसीन हे प्रथिन त्याच्या तावडीत सापडलं की त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि त्यातले बरेच तुकडे जिभेला कडू लागतात. लगेच प्यायलं तर विकराला वेळच मिळत नाही, म्हणून तुमचा पहिला ग्लास गोड. बाटलीतल्या स्मूदीत मात्र सकाळपासून हेच चाललेलं असतं. फ्रीजमध्ये ठेवली तर वेग मंदावतो, थांबत नाही. अननसाचे तुकडे फ्रीझरमध्ये गोठवूनही उपयोग नाही, वितळले की विकर पुन्हा कामाला लागतं.

उष्णतेने मात्र ते निकामी होतं. अननसाच्या रायत्यात फोडी आधी साखर घालून शिजवून घेतात ते आठवा. बेकरीतल्या पाइनॅपल पेस्ट्रीत क्रीम असूनही ती कडू होत नाही, कारण डब्यातला अननस डबाबंद करतानाच तापवलेला असतो. जिलेटिनची जेली ताज्या अननसावर धरत नाही, चायना ग्रासची धरते, तेही याच कारणाने. जिलेटिन प्रथिन आहे, चायना ग्रास नाही.

तुम्हाला दोन मार्ग आहेत. दही काढा आणि पाणी किंवा शहाळ्याचं पाणी घाला. नाहीतर अननसाच्या फोडी कढईत रसाला उकळी फुटून वर तीन-चार मिनिटं होऊ द्या, गार करा आणि डब्यात भरून ठेवा. शिजवलेल्याची चव थोडी मुरांब्याकडे झुकते. मला ती आवडत नाही, म्हणून मी दहीच वगळते.

मोसंबी_ज्यूस

मग पपई-दुधाचं पण हेच का? आमच्याकडे पपईचा शेक केला की 'आत्ताच्या आत्ता पी' असा आईचा धोशा असतो.

प्रयोगवही

हो. पपईत पपेन. कच्च्या पपईत भरपूर, पिकलेलीत बरंच कमी, पण ठेवलेला शेक कडू करायला तेवढं पुरतं. किवीतही असंच विकर आहे. केळं, चिकू, पेरू, आंबा दह्या-दुधाबरोबर बिनधास्त घाला, कडू होणार नाही.

जुना_मिक्सर

चोथ्याचं मी सांगतो, मिक्सर दुरुस्तीत हयात गेली आहे.

तुमच्या मिक्सरला पालक वाटता येतो, फक्त तुम्ही त्याला संधी देत नाही. मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यावर पानं तरंगतात, पात्यांपर्यंत पोचतच नाहीत, नुसती गोल फिरतात. आधी चटणीच्या भांड्यात पालक, आलं आणि जेमतेम पाती बुडतील एवढंच पाणी घ्या. दोन-चार वेळा पल्सचा झटका द्या, भांड्याच्या कडांना चिकटलेली पानं चमच्याने खाली ओढा, मग अर्धा मिनिट जोरात फिरवा. बोटांच्या चिमटीत घेऊन बघा. कण लागला नाही तर झालं. लागला तर क्षणभर थांबून परत. यानंतर फळं आणि उरलेलं पाणी मोठ्या भांड्यात घालून मधल्या वेगावर, तेही जेमतेम एकजीव होईपर्यंत. फेस होतो तो या दुसऱ्या टप्प्यात जास्त वेळ फिरवल्यामुळे. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

गोठवलेलं केळं घालणार असाल तर आधी पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि चकत्या करून घाला. दगडासारखा अख्खा गोळा घातला की मोटर अडते. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका. बहुतेक मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं. प्लग काढा, दहा मिनिटं गार होऊ द्या, बटण दाबा. जळका वास आला असेल तर मात्र बटण न दाबता दुकानात न्या.

पेरू घालणार असाल तर बियांचा गाभा काढा. ती बी कुठल्याच घरगुती मिक्सरला दाद देत नाही.

श्रावणसर_परदेशी

मी न्यू जर्सीत. इथे धुतलेला बेबी पालक आणि गोठवलेल्या आंब्याच्या फोडी पिशवीत मिळतात, त्यामुळे पाच मिनिटांचं काम. फेसाचं म्हणाल तर बाटली गळ्यापर्यंत भरा, आत हवा कमी राहते. केळं, सफरचंद हवेमुळेच काळवंडतात.

रंगावर लोक लिंबू पिळायला सांगतात. लिंबाने केळं काळं पडायचं थांबतं हे खरं, पण आंबटपणाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघतं आणि हिरवा रंग हळूहळू ऑलिव्हसारखा होतो. तेव्हा लिंबू प्यायच्या वेळी. आणि बीट किंवा लाल माठ हिरव्यात मिसळू नका. चव बिघडत नाही, पण जो चिखली रंग येतो तो बघून घरातलं दुसरं कुणी ग्लासाला हात लावत नाही.

माहेरवाशीण_७७

छान चर्चा. यात दुधीचा रस पण घाला, आमच्या कॉलनीत सगळे सकाळी घेतात. बीपीला उत्तम. थोडा कडू लागला तर फळांमुळे कळत नाही.

प्रयोगवही

ताई, कृपा करून असं करू नका. शेवटचं वाक्य तर फारच धोक्याचं आहे.

दुधी, काकडी, दोडका या कुळात क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. कधीकधी एखाद्या दुधीत ती फार वाढतात आणि असा रस विषारी असतो. पोटात कळा, उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम कोसळणं, आणि आपल्या देशात यात माणसं दगावली आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. त्यात स्पष्ट आहे: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू असेल तर सगळाच फेकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. गोड फळांमागे कडूपणा लपला तर इशाराच मिळणार नाही. यावर उतारा म्हणून काही औषध नाही. प्यायल्यावर त्रास झाला तर घरगुती उपायात वेळ न घालवता तडक दवाखाना.

अननस-दह्याचा कडूपणा निरुपद्रवी आहे, दुधीचा नाही. म्हणून हा फरक इथेच लिहून ठेवते.

माहेरवाशीण_७७

बाप रे, हे माहीत नव्हतं. कॉलनीच्या ग्रुपवर टाकते.

डॉ_नसलेली_वैद्यकी

गोदाकाठ, तुमच्या आई-बाबांपैकी कुणी रक्त पातळ करायची गोळी घेतं का? आणि मुतखड्याचा इतिहास?

गोदाकाठ

बाबांच्या हृदयाची झडप बदलली आहे, त्यांना वॉरफरिन चालू आहे. दर महिन्याला रक्त तपासतात. आईला काही नाही. याचा स्मूदीशी काय संबंध?

डॉ_नसलेली_वैद्यकी

थेट संबंध आहे. वॉरफरिन रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के-च्या विरुद्ध काम करतं आणि हिरव्या पालेभाज्या म्हणजे त्याच व्हिटॅमिनचं भांडार. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. अमेरिकेत प्रौढ पुरुषाला दिवसाला १२० पुरेसं धरतात, यावरून अंदाज घ्या. एरवी क्वचित पालेभाजी खाणाऱ्या माणसाने रोज ग्लासभर पालक प्यायला सुरुवात केली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) खाली येऊ शकतो आणि कृत्रिम झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. उलटही खरं. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली तर आयएनआर चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो.

पालेभाजी वर्ज्य नाही, रोजचं प्रमाण सारखं असावं लागतं. त्यामुळे बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना सुरू करू नका, आणि विचारताना 'स्मूदी' एवढंच न म्हणता 'रोज एवढा पालक' असं सांगा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलला ही अडचण नाही, त्या गोळ्या वेगळ्या वाटेने काम करतात. लोक त्यांनाही 'रक्त पातळ करायच्या गोळ्या'च म्हणतात, म्हणून नाव बघून घ्यावं.

मुतखडा होऊन गेलेल्यांसाठी: पालक, चाकवत, माठ, राजगिरा, आंबट चुका यांत ऑक्झलेट (बहुतेक मुतखडे ज्यापासून बनतात ते द्रव्य) भरपूर असतं. कच्चा पालक रोज वाटून पिणं त्यांनी टाळावं. उकळून पाणी फेकलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं. पुदिना, कोथिंबीर, लेट्यूस हे त्या मानाने सौम्य.

कढीपत्ता

आणि धुण्याचं कुणीच बोललं नाही! कच्चं पिणार आहात, भाजीसारखं शिजणार नाही. मुळं कापून पानं सुटी करा आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवा, हाताने खळबळा, दोन मिनिटं तशीच ठेवा. मग पानं वर उचलून चाळणीत घ्या. पातेलं चाळणीवर पालथं करायचं नाही, नाहीतर तळाला बसलेली माती परत पानांवरच. पाणी बदलून पुन्हा, पातेल्याच्या बुडाला कणकण लागेनासा होईपर्यंत.

पावसाळ्यात मी कच्चा पालक वापरतच नाही. मिठाच्या पाण्याने जंतांची अंडी जातीलच याची खात्री नाही. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते, पालक पनीरला करतो तसं. रंग खुलतो, वाटला पण छान जातो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. आज दोन बाटल्या नेल्या होत्या, एक दही घालून आणि एक शहाळ्याच्या पाण्यातली, बाकी सगळं सारखं. दह्याची बाटली कडू, दुसरी छान राहिली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही न सांगता चाखायला दिल्या, त्यानेही हाच निकाल दिला. मिक्सरकाकांच्या पद्धतीने पालक तर गंधासारखा वाटला गेला, दातात काही नाही.

बाबांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर त्यांना नुसतं केळं-दही देतो. एक शेवटचं: पालक मिनिटभर उकळून वाटून ठेवला तर किती टिकेल? रोज सकाळी जुडी निवडणं होत नाही.

कढीपत्ता

फ्रीजमध्ये दोन दिवस. त्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, खडे झाले की पिशवीत काढून ठेवा आणि सकाळी लागतील तेवढे घ्या. महिनाभर काही होत नाही. फक्त ट्रे वेगळा ठेवा, पाहुण्यांच्या सरबतात हिरवे खडे गेले की खुलासे करत बसावं लागतं.

जुना_मिक्सर

आणि खडे घालायच्या आधी पाच मिनिटं बाहेर!