एल-फेनिलॲलनिन: रेषा समांतर येत नाहीत, मिश्र अवरोध म्हणायचा का?

प्रश्न:
एन्झाइम वासराच्या आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज, सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) पीएनपीपी, म्हणजे पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट, ०.१ ते २ मिलिमोलर, पीएच ९.८, रीडिंग (तयार होणाऱ्या पिवळ्या रंगाचं) ४०५ नॅनोमीटरला. अवरोधक एल-फेनिलॲलनिन, ५ मिलिमोलर. अपेक्षा अनकॉम्पिटिटिव्हची (अवरोधक फक्त सबस्ट्रेट बसलेल्या एन्झाइमला चिकटतो, रेषा समांतर येतात), पण लाइनवीव्हर-बर्क आलेखात (१/वेग विरुद्ध १/सबस्ट्रेट) रेषा डावीकडे, आडव्या अक्षाच्या बऱ्याच खाली छेदतात. अवरोधकाशिवाय व्हीमॅक्स (कमाल वेग) ४२ मायक्रोमोलर प्रति मिनिट, केएम (निम्म्या कमाल वेगाला लागणारी सबस्ट्रेटची तीव्रता) ०.८० मिलिमोलर, अवरोधकासह २१ आणि ०.४६.

उत्तर १:
छेदनबिंदू सोडा, उतार काढा. उतार म्हणजे केएम भागिले व्हीमॅक्स. तुमचा १५ टक्क्यांनी वाढलाय. व्हीमॅक्स निम्मा झाला, म्हणून अनकॉम्पिटिटिव्ह केआय (अवरोधक किती घट्ट बसतो त्याचा आकडा, कमी तितका घट्ट) ५ मिलिमोलर. उतारावरून कॉम्पिटिटिव्ह केआय (मोकळ्या एन्झाइमला चिकटण्याचा) सुमारे ३३. इतका फरक ०.१ मिलिमोलरच्या एका चुकलेल्या रीडिंगनेही पडतो, कारण व्यस्त घेतल्यावर तोच बिंदू रेषेच्या टोकाला बसतो आणि तिला ओढतो. आलेख दाखवायला ठेवा. आकडे थेट मिश्र अवरोधाच्या समीकरणात (ज्यात हे दोन्ही केआय असतात), सगळे एकत्र बसवा.

उत्तर २:
एकाच तीव्रतेवर निकाल देऊ नका. ०, २.५, ५, १० आणि २० मिलिमोलर घ्या, प्रत्येकीचा उतार अवरोधकाच्या तीव्रतेसमोर मांडा. सपाट आला तर अनकॉम्पिटिटिव्ह, चढला तर मिश्र. नुसत्या डिक्सन आलेखावर (१/वेग विरुद्ध अवरोधकाची तीव्रता) विसंबू नका. त्यात कॉम्पिटिटिव्ह आणि मिश्र सारखेच दिसू शकतात.
रीडिंग किती वेळ घेता? ०.१ मिलिमोलरला ५ मिनिटांत सुमारे पाचवा हिस्सा सबस्ट्रेट संपतो. मात्र त्याचा फटका अवरोधकाशिवायच्या रेषेला जास्त बसतो, म्हणजे उतारातला फरक उलट झाकला जातो. तुमचं कारण वेगळं असावं. बफर कोणता?

प्रश्नकर्ता:
ट्रिस, ५० मिलिमोलर. फेनिलॲलनिनचा स्टॉक साध्या पाण्यात, पीएच लावलेला नाही.

उत्तर २:
मग तिथेच घोळ आहे. ट्रिसचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून असतात) ८.१ च्या आसपास, ९.८ ला तो नावालाच बफर. फेनिलॲलनिनच्या अमिनो गटाचा ९.१ च्या जवळ, त्यामुळे ९.८ च्या बफरमध्ये मिसळताना तो गट प्रोटॉन सोडतो. हिशोबाने तुमच्या क्युव्हेटमधला (मापनाच्या नळीतला) पीएच ९.२ च्या आसपास उतरतो, आणि या एन्झाइमचे केएम, व्हीमॅक्स दोन्ही पीएचवर हलतात. म्हणजे वरचा ५ मिलिमोलरचा केआयही कच्चाच. स्टॉक सोडियम हायड्रॉक्साइडने ९.८ ला आणा आणि पीएच प्रत्यक्ष क्युव्हेटमधल्या मिश्रणाचा मोजा.

उत्तर १:
सोबत ५ मिलिमोलर डी-फेनिलॲलनिनचा (एल रूपाची आरशातली प्रतिमा) कंट्रोल लावा, स्टॉक तसाच पीएच न लावता. डी रूप या एन्झाइमला अडवत नाही. तरीही वेग पडला, तर तो पीएचचा.