दुसऱ्याच्या घरची चाल कशी शिकलात? अनुभव सांगा

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, मोझरीच्या गुरुकुंजापासून फार लांब नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची मराठी आणि हिंदी, दोन्ही भजनं आमच्या कानावर पाळण्यापासून पडतात. पाचवीत असल्यापासून मी भजनी मंडळात खंजेरी वाजवतो. चार वर्षांपूर्वी कापूस विकून झाल्यावर शहरातल्या एका गुरुजींकडे तबला शिकायला जाऊ लागलो. वाटलं, ताल तर अंगात आहेच, दोन महिन्यांत हात बसेल.

नाही बसला. खंजेरीत डाव्या हाताचं काम धरायचं आणि हलवायचं. बोलतो तो उजवा. तबल्यात डग्गा डाव्या हाताचा. मनगट कातड्यावर टेकवून थोडं सरकवलं की घुमारा निघतो. माझं मनगट टेकतच नव्हतं, सारखं हवेत. पंधरा वर्षांची सवय. गुरुजी माझ्या मनगटावर त्यांचं बोट ठेवून बसायचे, अर्धा अर्धा तास. आठ महिन्यांनी पहिला खरा घुमारा निघाला. त्या दिवशी एसटीत मी मांडीवरच वाजवत आलो. आणि गावात परत खंजेरी घेतली तर मंडळातले काका म्हणाले, "बाप्पा, तुहा हात शहरातच राह्यला काय?" खंजेरीला लागणारी झटक कमी झाली होती. ती परत आणायला वेगळा रियाज करावा लागला.

म्हणून हा धागा. दुसऱ्याचं वाद्य, दुसऱ्याची चाल, दुसऱ्या बोलीतलं गाणं कुणाकडून घेतलं? बदल्यात काय दिलं? 'संगीताला भाषा नसते' एवढंच लिहून थांबू नका. नेमकं कुठं अडलं ते लिहा, बाकीच्यांना त्याचाच उपयोग होईल.

पेटीवाला, परतवाडा

पेटी बापाकडून आली. दिवाळीत मेळघाटातल्या एका गावी दरवर्षी जाणं होतं. तिकडं गायी चारणारे लोक पावा आणि ढोलक घेऊन घरोघर नाचत येतात, ठाट्या म्हणतात त्यांना. एका वर्षी पेटी सोबत नेली आणि एका म्हाताऱ्या पावावाल्या बाबांना म्हटलं, तुम्ही वाजवा, मी साथ करतो.

त्यांचा सा पेटीच्या काळी एक पट्टीच्या किंचित खाली. चालवून घेतलं. पण गंधार, म्हणजे ग! पेटीवरचा शुद्ध लावला की चढा वाटे, कोमल लावला की उतरा. त्यांचा सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, आणि त्या फटीत माझं बोट जाईना. मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, बाबा, हे छिद्र थोडं वर पाहिजे होतं. त्यांनी पावा माझ्या हातात दिला. छिद्रं तापल्या सळईनं पाडलेली, कडा काळ्या, वापरून गुळगुळीत झालेल्या. मग स्वतःची बोटं त्यावर ठेवून दाखवली. एकेक छिद्र बरोबर पेराखाली. म्हणाले, "बोट तं इथंच पडते."

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती कित्येक वर्षं टिकली. मधले सूर पेटीला देता येत नाहीत, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढता येत नाही, ही त्यामागची मोठी तक्रार. आमच्या घरात त्या बंदीचा राग होता. बंदी मला आजही पटत नाही, पण तक्रार त्या अंगणात समजली.

पुढच्या दिवाळीला पेटी घरी ठेवली आणि काकांची एकतारी नेली. खुंटी पिळून बाबांच्या सा ला लावली आणि नुसता सा धरून बसलो. तेवढीच साथ पुरेशी होती. त्यांची एक चाल आता मी भजनात वापरतो, आणि ती कोणाची हे आधी सांगतो. पेटीवर मात्र ती वाजवत नाही.

ऑर्गनवाला, वडसा

वरच्या पेटीवाल्यांच्या गंधारासारखंच आमचं डफाचं. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत. एका नाटकात दंडारीची, म्हणजे इकडच्या लोकनाट्याची, चाल घेतली होती, डफवाले खेड्यातलेच, फार तयारीचे. थंडीत कातडं उतरतं, मग ते शेकोटीवर शेकायचं. शेकलं की आवाज चढतो, तासाभरात पुन्हा खाली. ऑर्गन तिथल्या तिथंच. शेवटी ठरवलं की दंडारीच्या गाण्याला ऑर्गन गायिकेला सूर देऊन गप्प बसेल. प्रेक्षकांत एकानंही विचारलं नाही की ऑर्गन का थांबला.

ढोलकवाला, पुसदकडून

मी बुद्धविहारात ढोलक वाजोतो. १४ ऑक्टोबर १९५६ ले नागपूरले दीक्षा झाली, त्याच्यानंतर आमच्या आजानं देवाची भजनं सोडली. ढोलक नाही सोडली. त्याच ढोलकीवर भीमगीतं सुरू झाली, मी ते आयकतच मोठा झालो.

सहा वर्षांपूर्वी गावात सप्ताह होता अन् पखवाजवाला तापानं पडला. मले बलावलं. गेलो. आमच्या गाण्याचा केहरवा आठ मात्रांचा, त्यायचा भजनी ठेकाबी आठच. पण वजन भलतीकडंच. आमच्याकडं कव्वालीवानी पुढं ढकलत न्यायचं, तिथं टाळ मागून येते, त्याच्यासाठी जागा सोडा लागते. मी पहिल्या अभंगात सगळ्यायले पळवलं. टाळकरी धापा टाकू लागले. मंग डोळे मिटून फक्त टाळ आयकला, हात आपोआप मागं आला.

एक गोष्ट सांगतोच, धाग्यात नेमकं लिहा म्हनलं म्हणून. पहिल्या रात्री मले चहा येगळ्या कपात आला. मी पेलो नाही, तसाच ठेवला. दुसऱ्या रात्री पुन्हा तसाच कप आला, तं बाजूच्या टाळकऱ्यानं तो उचलला, सोता पेला अन् त्याचा मले देला. कोणीच काई बोललं नाही. यंदा १४ एप्रिलले तो टाळ घेऊन विहारात आला होता. आमच्या ठेक्यात त्याची टाळ मागं राहत होती, तं आता मी त्याले शिकोतो.

सून, यवतमाळ जिल्हा

माहेर सातारा. आमच्याकडे भोंडला: पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर. लग्न होऊन इथं आले तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. मातीची भुलाबाई, भुलोजी आणि मुलींची रोज संध्याकाळची गाणी. काही गाण्यांचे शब्द जवळजवळ माझेच, पण चाल निराळी. तोंड उघडलं की सातारची चाल निघायची आणि सगळ्या मुली थांबायच्या. सासूबाईंनी मार्ग काढला: एक कडवं तुझं, एक आमचं. आता गल्लीतल्या मुली दोन्ही चाली म्हणतात.

सासूबाईंच्या आवाजातली गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली. आठवड्यात नोटीस आली की ही चाल एका कंपनीच्या मालकीची आहे. सासूबाईंना त्यांच्या आजीनं शिकवलेलं गाणं! हरकत घेतली, महिन्यानं नोटीस मागे गेली. तुम्हीही काही टाकणार असाल तर कोणी गायलं, कुठं, कोणत्या तारखेला हे रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा. हरकत घेताना आम्हाला तेच कामी आलं.

बीए दुसरं वर्ष, दर्यापूर तालुका

मी रॅप करतो. दोन वर्षं मुंबईवाल्यांसारखं करून पाहिलं, सगळं उसनं वाटायचं. मग पोळ्याला तोरणाखाली उभा होतो आणि झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या यमकाच्या ओळी, सुरू झाल्या. लहानपणापासून ऐकतोय, पण त्या दिवशी कळलं की हे लोक बीटशिवाय नेमक्या जागी यमक टाकतात, आणि 'हर हर महादेव'ला सारं गाव उत्तर देतं. एका आजोबांकडून झडती कशी बांधायची ते शिकलो. ते म्हणाले, शेवटचा शब्द आधी ठरव. माझी पहिली अशी:

पांढऱ्या सोन्याची गाडी भरली, पऱ्हाटी उभी वाळली
घरी येता येता बापाची थैली सावकारानं चाळली

यंदा पोळ्याला म्हटली. बीट नव्हता, माईक नव्हता. लोकांनी उत्तर दिलं.

शिक्षिका, भामरागड तालुका

मी मूळची वर्ध्याची. शाळेत पेटीवर प्रार्थना शिकवते, पोरं माडिया बोलणारी. त्यांनी मला रेला, म्हणजे ओळीनं नाचत गायचं त्यांचं गाणं, शिकवायचं ठरवलं. मी वही-पेन घेऊन खाली बसले, म्हटलं, सांगा शब्द. पोरी एकमेकींकडं बघू लागल्या. बसून त्यांना गाता येईना! एकीनं मला उठवलं, दोघींनी दोन्ही बाजूंनी कमरेला हात घातला आणि ओळ हलू लागली. पाय पडेल तिथं शब्द येणार. माझा पाय चुकला की पूर्ण ओळ अडखळायची.

ढोलकवाला, पुसदकडून

म्याडम, मंग आधी काय आलं? पाय का शब्द?

शिक्षिका, भामरागड तालुका

पाय. शब्द तिसऱ्या दिवशी आले. अर्थ अजून एका ओळीचा राहिलाय, पोरी म्हणतात मोह वेचायला सोबत आलात की सांगू.