मदत हवी आहे: अमेरिकेत कोलोरॅडोतल्या मिलियन डॉलर हायवेचा लूप बाईकने एका दिवसात होतो का?

वळणदार
पुढच्या शनिवारी करायचाय. सिल्व्हर्टन, डुरँगो, कॉर्टेझ, टेल्युराइड, सगळे घाट आणि सगळी खाणींची गावं एका दिवसात. पूर्ण लूप २३६ मैल म्हणजे काहीच नाही, कॉलेजात असताना पुणे-गोवा एका दमात मारायचो आम्ही. पण बायकोने कुठलातरी व्हिडिओ बघितला, त्यात रस्त्याला कठडाच नाहीये आणि आता ती म्हणते मी मागे बसणार नाही. लूप सुलटा करू की उलटा एवढंच सांगा. गाडी इंडियन आहे. लवकर सांगा, हॉटेलचं बुकिंग उद्यापर्यंतच बदलता येतंय.

हँडलबार
सुलटा म्हणजे कुठला आणि उलटा म्हणजे कुठला? निघणार कुठून ते लिहिलंच नाहीस. डेन्व्हरहून निघून एका दिवसात परत म्हणत असशील तर विसर, नुसतं डुरँगोला पोचायलाच सहा-सात तास जातात.

सह्याद्रीपुत्र
इंडियन म्हणजे बुलेट का? मग बिनधास्त जा. मी हिमालयन बाईक लडाखला खारदुंगल्याला नेलीये. तिकडचा सगळ्यात उंच घाट ११ हजार फूट म्हणे, अहो आपलं लेह गावच त्याच्यापेक्षा उंचावर आहे. तिथे आज्या भाजी विकत बसलेल्या असतात.

क्लचप्लेट
कार्ब्युरेटरवाली असेल तर वर गुदमरणार. हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे रेड माउंटन पासला, त्या सगळ्यात उंच घाटात, तीस टक्के गेलीच. दोघं बसणार, सामान किती, सीसी किती, काहीच सांगितलं नाहीस.

वळणदार
अहो इंडियन म्हणजे इंडियन स्काऊट, अमेरिकन कंपनी आहे. हजाराच्या वर सीसी, फ्युएल इंजेक्शन आहे, ताकदीचं सोडा. भाड्याची आहे, ग्रँड जंक्शनहून शुक्रवारी सकाळी घेणार. लायसन्सवर एम, म्हणजे मोटरसायकलचा शेरा आहे, कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो. आता दिशा सांगा.

हँडलबार
पण झोपणार कुठे???

वळणदार
यूरेला, लूपवरच्याच गावात. शुक्रवार, शनिवार दोन्ही रात्री. मला वाटलं ते कळलं असेल.

हँडलबार
कसं कळणार राव. आता ऐक. कठडा नसलेला भयानक पट्टा आहे तो यूरेच्या दक्षिणेला दरीच्या कडेकडेचा, काही मैलांचाच. अमेरिकेत उजवीकडून चालवतात, त्यामुळे यूरेहून सिल्व्हर्टनकडे निघालास की दरी तुझ्या उजव्या हाताला आणि तू बाहेरच्या लेनमध्ये. उलट सिल्व्हर्टनहून यूरेला आलास की डोंगराच्या बाजूला. म्हणून लूप घड्याळाच्या उलट करायचा. यूरे, रिजवे, टेल्युराइड, कॉर्टेझ, डुरँगो आणि शेवटी सिल्व्हर्टनवरून घरी. विषय संपला.

क्लचप्लेट
विषय कसला संपला? ऑगस्ट आहे. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये दुपार झाली की ढग जमतात आणि विजा सुरू. तुझ्या हिशोबाने हा माणूस कोल बँक, मोलास आणि रेड माउंटन, तिन्ही साडेदहा-अकरा हजारी पास दुपारी तीननंतर ओल्या रस्त्यावर करणार, मागे घाबरलेली बायको, वरून गारा. काय करायचीय आतली लेन? सकाळी सहाला यूरे सोड, दक्षिणेकडे जा, रस्ता कोरडा, समोरून आरव्ही (घरासारख्या मोठ्या गाड्या) नाहीत, आठ वाजता सिल्व्हर्टनला नाश्ता.

हँडलबार
बाहेरच्या लेनमध्ये चुकलास तर दुसरा चान्स नाही.

क्लचप्लेट
आणि आतल्या लेनमध्ये डोंगरातून पडलेले दगड असतात, ब्लाइंड वळणावर समोरचा लांबलचक आरव्ही अर्धा तुझ्या लेनमध्ये असतो, ते नाही सांगितलंस. वळणांवर ताशी दहा-पंधरा मैलांच्या पाट्या आहेत, तेवढ्यावर चालवलं तर बाहेरची लेन म्हणजे नुसती लेन आहे.

जुनी_खाण
एवढ्या लांब जाताय तर नुसतं हँडल बघू नका. हा रस्ता मुळात टोल घेऊन खच्चरांसाठी काढलेला, ऑटो मिअर्स नावाच्या रस्ते बांधणाऱ्याने, १८८० च्या दशकात, खाणीतला माल खाली आणायला. सिल्व्हर्टन १८७४ चं गाव. १८९३ ला चांदीचा भाव कोसळला आणि रेड माउंटनची बरीच गावं ओस पडली, पुढे सोन्यावर तग धरला त्यांनीच. यूरेहून येताना आयर्नटन हे ओसाड गाव ओलांडलं की डावीकडे लाकडी सांगाडा दिसेल तो यँकी गर्ल खाणीचा, तिथे थांबाच. आणि सिल्व्हर्टनच्या वरची सनीसाइड खाण, १९७८ च्या जूनमध्ये तिच्यावरचं एमा तळं अख्खंच्या अख्खं खाणीत कोसळलं. रविवार होता म्हणून आत कोणी नव्हतं. आदल्या किंवा पुढच्या दिवशी झालं असतं तर काय झालं असतं विचार करा.

क्लचप्लेट
काका, तो बुकिंग बदलायचं विचारतोय.

जुनी_खाण
विचारू दे की. २०१५ ला गोल्ड किंग खाणीतलं पाणी फुटून अख्खी ॲनिमस नदी नारिंगी झाली होती, तीच नदी डुरँगोला रस्त्याच्या बाजूने भेटेल, तेव्हा आठवण काढा.

रेल्वेवेडा
वहिनींना ट्रेनने पाठवा ना! डुरँगो ते सिल्व्हर्टन नॅरोगेज आहे, १८८२ पासून, कोळशाचा धूर सोडत. अगदी आपली माथेरानची गाडी.

सह्याद्रीपुत्र
माथेरानची दोन फुटी आहे, ती तीन फुटी. आणि इंजिनं आता कोळशावरून तेलावर केलीत.

रेल्वेवेडा
फील सांगतोय मी.

मागची_सीट
इथे मागे बसणारी मीच एकटी दिसतेय म्हणून लिहिते. मी हा रस्ता मागे बसून केलाय, बाहेरच्या लेनने. पांढरी पट्टी असते, तिच्यापलीकडे वीतभर डांबर आणि मग काही नाही. खाली नदी दिसत पण नाही, नुसता आवाज. कठडा का नाही माहितीये का, थंडीत बर्फ काढणाऱ्या गाड्यांना तो बर्फ खाली ढकलायला जागा लागते. हे कळल्यावर मला निदान राग तरी कमी आला. भाऊ, बायकोला काही होत नाही गं असं सांगू नका. तिला सांगा की तुझ्या डाव्या खांद्यावरून डोंगराकडे बघ, आणि वळणात माझ्याबरोबर झुक, वळणाच्या उलट बाजूला ताठ बसू नकोस. आणि आधी एक बघा, स्काऊटच्या बऱ्याच मॉडेलला मागची सीटच नसते.

वळणदार
काय??? थांबा बघतो.

ऑक्टेन_९१
मी पेट्रोलचं सांगतो. कोलोरॅडोत रेग्युलर म्हणजे ८५ ऑक्टेनचं असतं, ८७ नाही. स्वस्त म्हणून तेच भरू नको.

क्लचप्लेट
उंचीवर ८५ चालतं, हवा विरळ असते.

ऑक्टेन_९१
ते कार्बच्या जमान्यात. हँडबुकात जे लिहिलंय ते भर. आणि स्काऊटची टाकी लहान आहे, टेल्युराइड सोडताना भरलेली पाहिजे.

वळणदार
बरोबर आहे, जी बुक केलीये तिला एकच सीट. त्यांना फोन केला, दोन सीटची दुसरी मिळतेय, जास्त पैसे घेतायत, घेऊ दे. म्हणजे बायको येणार असं धरून सांगा, बाहेरची लेन सकाळी की आतली लेन दुपारी?

हँडलबार
डुरँगोला राहा. डुरँगोहून सकाळी उत्तरेला निघालं की आतली लेन पण मिळते आणि सकाळ पण.

क्लचप्लेट
हे चांगलंय, पण तो ग्रँड जंक्शनहून डुरँगोला जाणार कसा? ५५० ने, म्हणजे मिलियन डॉलर हायवेनेच गेला तर शुक्रवारी तोच कडा बाहेरच्या लेनने, आणि तेही दुपारी.

हँडलबार
रिजवेहून उजवीकडे वळायचं. डॅलस डिव्हाइड, टेल्युराइड, लिझर्ड हेड, रिको, डोलोरेस, कॉर्टेझ. लिझर्ड हेड दहा हजारी आहे पण रस्ता रुंद आहे, पाऊस आला तरी दरीत नाही जात. शनिवारी सकाळी डुरँगो ते यूरे, ७०-७५ मैल, थांबत थांबत दुपारच्या आत खाली.

क्लचप्लेट
चक्क मान्य. फक्त शुक्रवारी बाईक सकाळी लवकर हातात मिळाली पाहिजे, अडीचशे मैलांच्या आसपास होतात. कॉर्टेझच्या पुढे अंधारात नको, हरणं येतात आडवी.

वळणदार
पण मग लूप एका दिवसात होत नाही ना! दोन दिवसांत तर कोणीही करेल.

मागची_सीट
मग करा की कोणीही. एका दिवसाचं बक्षीस कोण देणारे?

सह्याद्रीपुत्र
एका दिवसात होतो हो, लडाखला आम्ही एका दिवसात

हँडलबार
लडाखचा वेगळा धागा काढा साहेब.

वळणदार
बायकोने धागा वाचला. शुक्रवारची यूरेची रात्र रद्द केली, डुरँगोची घेतली, शनिवारची यूरेचीच ठेवली. ती म्हणाली सांगा त्या मागची सीटवाल्या ताईंना की येते. हेल्मेट पण स्वतःचं आणणारे. कोलोरॅडोत मोठ्या माणसाला सक्ती नाही असं मी म्हटलं तर बोलणीच बसली. रेनसूट तिकडे सिल्व्हर्टनला मिळेल का?

मागची_सीट
इथूनच घेऊन जा, दोघांचे. पाऊस दुकान बघून येत नाही. ढग दिसायला लागले की भिजायच्या आधी घाला, भिजल्यावर ११ हजार फुटांवर अंगावरचे ओले कपडे काढायला हात चालत नाहीत. शनिवारी सकाळी सिल्व्हर्टनला पण थंडी असते, ऑगस्ट असला तरी.

जुनी_खाण
उत्तरेकडे येताय म्हणजे यँकी गर्ल आता उजवीकडे. पासनंतर उतार लागला की लक्ष ठेवा, फोटो पुलआउटमध्येच (रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत) थांबून, रस्त्यावर नाही.

उपाशी_विठ्ठल
धागा छान. डुरँगोत शुद्ध शाकाहारी काय मिळतं कोणी सांगेल का, मी ऑक्टोबरमध्ये जाणार आहे, कारने.

ऑक्टेन_९१
कारमध्ये पण ८५ भरू नका.