मदत हवी आहे: दुर्गम भागात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करण्याविषयी

नमस्कार. माझी भाची फॅमिली मेडिसिनमधील डीएनबी (एमबीबीएसनंतरचे पदव्युत्तर शिक्षण) पूर्ण करत असून तिला मेळघाटात दीर्घकाळ काम करायचे आहे. वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात अनेक वर्षे फॅमिली डॉक्टर राहिलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी गावातील सर्वांचाच रक्तदाब नियमित मोजण्याचा परिपाठ ठेवला आणि जिथे गरज अधिक तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी पोहोचते, हे १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले; तिचा आदर्श तेच डॉक्टर. (आदर्शावर घरखर्च भागत नाही, ही मामाची काळजी वेगळी.) कोरकू बोलणाऱ्या रुग्णांशी संवाद, सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांचा पाठपुरावा आणि घरोघरच्या नोंदी हे सारे एकट्या डॉक्टरला प्रत्यक्षात कसे जमते, तसेच सुरुवातीला सरकारी कंत्राटी पद घ्यावे की एखाद्या संस्थेत रुजू व्हावे, याविषयी तिथे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.